जेवणाच्या जागेचं भाडं

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं कॉस्टिंगचं काम केलं. एखादी वस्तू बनवायला खरा किती खर्च येतो ते शोधून कागदावर मांडायचं, एवढंच ते काम. धातू किती लागला, मजुरी किती पडली, इथवर सगळं सरळ असतं. पण पुढे शेडचं भाडं, वॉचमनचा पगार, मालकांच्या केबिनमधला सोफा हेही कुणाच्या तरी डोक्यावर बसवावं लागतं. सोफा स्वतः काही बनवत नाही. त्याचा खर्च पंपाच्या सुट्या भागांनी उचलायचा असतो. या विद्येला मोठमोठी नावं आहेत. मी तिला मनातल्या मनात वाटणी म्हणायचो. भावकीतल्या वाटणीइतकीच ती शास्त्रशुद्ध असते.

आमच्याकडे मुख्य माल पंपाची कव्हरं. शेडच्या पूर्वेच्या कोपऱ्यात मात्र एक जुनं लेथ मशीन होतं आणि त्यावर रसवंतीच्या चरकात, रुळांच्या दांड्यावर कड्यासारखे बसणारे गनमेटलचे बुश बनत. उन्हाळा जवळ आला की जिल्ह्याभरातले रसवंतीवाले ते न्यायला यायचे. लेथवर कवठे महांकाळकडचे एक टर्नर होते. फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना फौजी म्हणत. बुश हातात घेऊन अंगठा आतून फिरवला की त्यांना कळायचं, जमलाय की नाही. मग मोजायचं माप लावायचे, ते आमच्या समाधानासाठी.

त्या कोपऱ्याचं दुसरं महत्त्व असं, की सगळा कारखाना तिथे जेवायचा. एकची घंटा झाली की लेथशेजारच्या मोकळ्या फरशीवर ताडपत्री पसरली जायची. भाकरी, खर्डा, पावट्याची आमटी, कुणाकडे आदल्या दिवशीच्या जत्रेचं उरलेलं. फौजी गावाहून आले की पिशवीभर बेदाणे आणायचे आणि वाटताना म्हणायचे, "घ्या, रेशन हाय." मी ऑफिसातला, पण डबा घेऊन तिथेच जायचो. ऑफिसात जेवलं की मालकांच्या युरोपच्या सहलीचे फोटो बघावे लागत.

एका वर्षी मालकांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. त्यांनी भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि आमचा सगळा माल हिरव्या, पिवळ्या आणि लाल चौकोनांत बसवला. एका लाल चौकोनात बुश होता. दर नगामागे चाळीस रुपये तोटा. आकडे माझ्याच कागदावरचे होते. रंग तेवढे त्यांचे. पण स्वतःचा आकडा भिंतीवर तीन फूट उंचीचा दिसला, की माणसाला तो खराच वाटायला लागतो. मीही मान डोलावली.

ठरलं असं : पुढच्या महिन्यापासून बुश बंद, लेथ भंगारात आणि फौजींना सन्मानाने निरोप. शाल आणि श्रीफळ यांचा खर्चही सल्लागारांनी धरला होता.

हे सांगायला मालक, सल्लागार आणि मी लेथपाशी गेलो. फौजींनी मशीन थांबवलं, हात पुसले, सगळं ऐकून घेतलं.

"माझं काय न्हाई सायेब, पेन्शन हाय," ते म्हणाले. "पर घरी बसलो तर बायकोच्या सैपाकात चुका काढीन आन् मार खाईन. तीन वर्सं ऱ्हायली हुती. एवढी काढू द्या की."

"तोट्यात चाललंय," मालक म्हणाले.

"बुश बंद केला तर शेडचं भाडं कमी हुणार व्हय?"

सल्लागार हसले. "भाडं तेच राहील. पण ही एवढी मोठी जागा मोकळी होईल. तिथे नवीन मशीन बसेल."

फौजींनी आजूबाजूला पाहिलं. "एवढी म्हंजे? ही समदी? मंग आमी जेवायचं कुटं?"

बाकीचे दोघे पुढे निघाले. मी तिथेच उभा राहिलो.

नोकरीला लागलो तेव्हा शेडची मोजणी मीच केली होती. कामात अडथळा नको म्हणून सुट्टीच्या दिवशी. ताडपत्री गुंडाळून ठेवलेली, माणूस एकही नाही, लेथशेजारी नुसती फरशी. कुणाची तरी असणार म्हणून ती मी लेथच्या नावावर लिहिली. भाडं जागेप्रमाणे वाटलं जायचं. तेव्हापासून अख्ख्या कारखान्याच्या जेवणाचं भाडं तो बिचारा बुश भरत होता. आणि मी रोज तिथे मांडी घालून जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी टेप घेऊन गेलो. पंगत बसलेली होती.

"काय सायेब, जमीन घेताय?" एक फिटर म्हणाला.

"पाय घे रं आत," दुसरा त्याला म्हणाला, "न्हाईतर तुझ्या मांडीचं बी भाडं लावत्याल."

फौजींनी ताट उचलून धरलं. "मोजा. खालचं बी मोजा."

लेथला लागणारी जागा पाव हिस्साही निघाली नाही. मी नवा कागद केला. बुशमागे थोडा का होईना, फायदा दिसत होता. तो घेऊन केबिनमध्ये गेलो तेव्हा सल्लागार तिथेच होते. चूक माझी आहे, हे सांगायला सोफ्यावर बसावं की उभं राहावं, कळेना. उभा राहिलो. मालक बराच वेळ कागद बघत होते.

"म्हणजे इतकी वर्षं आपण रसवंतीवाल्यांना भाव चुकीचा लावला?"

"भाव बाजारचा होता," मी म्हणालो. "चुकीचा फक्त आपला तोटा होता."

सल्लागारांनी लाल चौकोन हिरवा केला. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. फौजींनी तीन वर्षं काढली आणि शाल घेऊन रीतसर घरी गेले.

पण त्या नव्या कागदावर मी एक ओळ वाढवली होती. लेथच्या नावावरून उतरवलेल्या जागेचं भाडं कुठेतरी दाखवायला हवं, म्हणून 'जेवणाची जागा' असा वेगळा खर्च लिहिला. तोवर ती जागा कुणाच्याच डोळ्यावर आली नव्हती, बुशाच्या आड लपून राहिली होती. फौजी गेले त्याच वर्षी मालकांच्या चिरंजीवांनी ती ओळ वाचली. काहीही न बनवणाऱ्या फरशीवर एवढा खर्च कशाला, असं त्यांनी विचारलं. प्रश्न हिशेबाला धरून होता. आता तिथे नवीन मशीन आहे. निवृत्तीनंतर एकदा कामासाठी गेलो तेव्हा एक वाजता पाहिलं, जो तो आपापल्या मशीनपाशी डबा उघडून मोबाईल बघत जेवत होता. लेथ अजून तिथेच होतं, बुश बनवत.

मी आता सांगलीला राहतो. मध्यंतरी फौजी घरी आले, बेदाण्यांची पिशवी घेऊन. मी त्यांना सगळं सांगितलं. त्या ओळीचंही.

"म्हंजे मला वाचिवलं आन् पंगत उठिवली," ते म्हणाले. "लिवलं नसतं तर?"

"तर तुम्ही तीन वर्षं आधीच घरी गेला असता."

"मंग बरं केलं," ते म्हणाले, पण मान काही हलवली नाही.

जेवायला मी हॉलमध्ये सतरंजी अंथरली. बायको म्हणाली, "मग ते डायनिंग टेबल कशाला घेतलंय?"

त्या टेबलाने घरातली किती जागा अडवली आहे, ते मला फुटात माहीत आहे. फौजींना म्हटलं, "बसा, सरका थोडं तिकडं." आणि त्यांच्या शेजारी मांडी घातली.