आप्पासाहेबांच्या बागेतलं कार्य

रस्त्यावर मोटारीचा आवाज आला की आप्पासाहेब खुर्चीतून उठत, खुंटीवरचा फेटा डोक्यावर ठेवत आणि कात्री घेऊन गुलाबांत जाऊन उभे राहत. पाहुणे आत येईपर्यंत एखादी फांदी नुसती हातात धरून ठेवायची. पुण्याची माणसं हरखून जात. "या वयातही झाडं स्वतः बघता?" आप्पासाहेब लाजल्यासारखं करत. त्या गुलाबांना पाणी कुठल्या विहिरीचं येतं, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

राहू गावाच्या बाजूला नदीकाठी त्यांच्या पूर्वजांची ही बाग होती. दगडी हौद, जुन्या बकुळी, मधोमध बैठं कौलारू घर. नव्वद सालच्या सुमारास त्यांनी ती तिकीट लावून लोकांना उघडली, लग्नाबारशांना भाड्यानं देऊ लागले. मी तिथं ऑफिसात होते. फोन, बुकिंग, पाहुण्यांना बाग दाखवणं माझ्याकडं. बागेचं वय मात्र ते स्वतः सांगत, आणि दर हंगामात ते वाढे. मी लागले तेव्हा बाग दीडशे वर्षांची होती. बघता बघता अडीचशेची झाली. एकदा मी विचारलंच. म्हणाले, "ताई, लोक लांबून येत्यात. त्यांना कमी सांगून कसं चालंल?"

पाहुण्यांसमोर त्यांचं आणखी एक वाक्य ठरलेलं असे. "बागेचं दार समद्यांना उघडं हाय. हितं जातपात न्हाई." टाळ्या पडत.

माझ्या भावाचं लग्न ठरलं. आम्ही बौद्ध, गावातल्याच वस्तीत राहणारे. भाऊ कंपनीत होता, भाडं भरायची तयारी होती. बहीण जिथं काम करते तिथंच लग्न व्हावं असं त्याच्या मनात. मी तारीख सांगितली. आप्पासाहेब हौदाकडं बघत राहिले.

"अरेरे! त्या दिशी बाग दिलीया, ताई."

"कुणाला? फोन तर मीच घेते."

"आमच्या पाव्हण्यांत कार्य हाय. घरचंच. न्हाईतर तुम्हाला न्हाई म्हणलो असतो व्हय?"

लग्न वस्तीत, विहारापुढं करायचं ठरलं. नवरीकडची माणसं तळेगाव ढमढेऱ्याहून टेम्पोनं येणार होती, त्यांना आणायला मी गेले. येताना वाटेत बाग लागली. आत मांडव उभा, खुर्च्यांच्या रांगाच रांगा, आणि त्यात माणूस एकटाच. पुढच्या खुर्चीत आप्पासाहेब. टेम्पो दिसताच ते माळ्याला ओरडले, "अरं, सनई लाव की!"

रिकाम्या मांडवात सनई वाजू लागली. मला रागसुद्धा आला नाही. खोटं टिकवायला मांडव घालणाऱ्या माणसाची किळस आली.

"कुणाचं लगीन हाय हितं?" नवरीच्या मामांनी विचारलं.

"कुणाचंच नाही, मामा."

मामांनी मान वळवली. बागेकडं पाठ करून बसले.

लग्न उरकल्यावर मी ऑफिसच्या किल्ल्या परत द्यायला गेले.

"कार्य ऐनवेळी मोडलं ओ," आप्पासाहेब म्हणाले.

"आम्हाला बाग द्यायची नव्हती, एवढंच सांगायचं होतं."

"असं कसं म्हणंन? मी कवा कुणाला तोंडावर वंगाळ बोललोय का?"

"मग आज बोला. ऐकायलाच आलेय."

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "च्या सांगू का?"

मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि केडगावची जीप धरली. तिकडंच दुसरी नोकरी बघितली.

काही वर्षांनी ते वारले. आप्पासाहेबांनी जन्मात कुणाचं मन दुखावलं नाही, असं गावातली माणसं सांगत होती.

मी मातीला गेले नाही.