कालिंदीची वीस मिनिटं

करी रोडची कालिंदी तळवडेकर वरळीच्या एका इव्हेंट कंपनीत अठरा वर्षं होती. गल्लीतल्या मंडळाच्या स्टेजवर वायरी सांभाळता सांभाळता ती या धंद्यात आली. यंदा प्रागमधल्या आपल्या दूतावासाच्या समारंभाचं काम कंपनीला मिळालं. कोण कुठे बसणार, कोणाला जेवणात काय चालत नाही, राष्ट्रगीतं कधी, सगळं चार महिने कालिंदीनं जुळवलं. आणि तिकडे जायला वैभवसरांनी निवडली अक्षदा.

“तिचं इंग्लिश फ्लुएंट आहे, कालिंदी,” सर म्हणाले. “तू इथून सांभाळ.”

अक्षदा शिवाजी पार्कची, कंपनीत येऊन जेमतेम दोन वर्षं झालेली. बैठकीचा प्लॅन काढायला तिला कालिंदीनंच शिकवलं होतं. निघताना तिनं विचारलं, “ताई, थंडी खूप असेल का हो तिकडे?”

“मला काय माहीत? मी कुठे गेलेय?”

मग प्रागहून अक्षदाचे फोटो येऊ लागले. कालिंदी प्रत्येकावर अंगठा टाकायची आणि फोन पालथा ठेवायची. नदीच्या पुलावरचा फोटो मात्र तिनं मोठा करून पाहिला. मफलरसुद्धा नवा घेतला होता.

समारंभाच्या दिवशी संध्याकाळी सहाला स्टेजचे फोटो आले. तिकडे दुपारचा दीड वाजला होता. झेंडे, फुलं, सगळं देखणं. पण स्टेजला रॅम्प नव्हता. ज्यांचा सत्कार होता त्या तिथल्या संस्कृतच्या प्राध्यापिका ऐंशीच्या होत्या, व्हीलचेअरवर होत्या. कालिंदीच्या प्लॅनमध्ये रॅम्प होता. अक्षदाच्या नजरेतून सुटला होता. आणि तिथले सुतार दोनला, म्हणजे अर्ध्या तासात, निघून जाणार होते.

कालिंदीनं मेसेज टाइप केला. पुसला. चहा मागवला. होऊ दे फजिती, कळू दे सरांना, नुसत्या इंग्लिशनं काय होतं ते. वीस मिनिटं तिला फार बरं वाटलं. मग त्या बाईंचं पत्र आठवलं. ‘पायऱ्या मला जमत नाहीत, तेवढं पाहाल ना?’ असं त्यांनी लिहिलं होतं. कालिंदीनं ‘नक्की’ म्हणून कळवलं होतं.

तिनं फोन लावला. “अक्षदा, रॅम्प कुठेय? सुतारांना थांबव आधी!”

“ओ शिट, ताई!” पुढे नुसता धावण्याचा आवाज.

रॅम्प झाला. बाई स्टेजवर गेल्या. फोटोत त्यांच्या खुर्चीमागे अक्षदा हसत उभी होती.

परत आल्यावर अक्षदानं सगळ्या ऑफिससमोर सांगितलं, “ताईंनी लगेच फोन केला म्हणून वाचले मी.”

‘लगेच’ ऐकून कालिंदीची मान खाली गेली. खरं काय ते ती बोलली नाही. पण गप्पही बसवेना.

“सर, पुढच्या वेळी मी जाणार.”

“अगं, मग इथलं कोण बघणार?”

“मी बघेन ना,” अक्षदा पटकन म्हणाली.

“मग ठीक आहे,” सर म्हणाले.

हवं ते मिळालं होतं. पण तेही अक्षदाच्या एका वाक्यानं मिळालं, हे कालिंदीला दिवसभर खुपत राहिलं.