वहिनीने परत केलेला दुधाचा पेला

वहिनी गेल्याचा भाच्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. तो तसाच निवून गेला... पंधरवडा झाला, पण मनातल्या मनात तिच्याशी भांडायची सवय काही जात नाही. बाई हट्टीच तशी!

लालबागच्या आमच्या चाळीत ती थोरल्या भावाची बायको म्हणून आली, तेव्हापासून तिचं पोट हा घराचा विषय होता. दूध प्यायली की तासा-दोन तासांत पोट फुगायचं, गुडगुडायचं, कळा यायच्या आणि मग चाळीच्या टोकाला संडासाकडे धाव. अशक्त झाली म्हणून आई तिला आणखी दूध पाजायची! संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. वहिनीला बायकांच्या तुकडीबरोबर सत्याग्रहाला जायचं होतं. आई म्हणाली, "आधी पोट सांभाळ, मगे महाराष्ट्र!" पोलिसांच्या भीतीनेच हिचं पोट बिघडतं, अशी चाळीत कुजबुज सुरू झाली. ते तिला फार लागलं.

मग हरताळ झाला, भय्याचं दूध काही दिवस आलंच नाही आणि वहिनीचं पोट एकदम शांत. दूध सुरू झालं, पुन्हा कळा. तिने मुद्दाम बंद करून पाहिलं, पुन्हा पिऊन पाहिलं. दर वेळी तेच. "दुधान कधी कोणाचा पोट बिघडला हा?" आई म्हणाली. परळच्या डॉक्टरांनी मात्र मान डोलावली. काहींना दूध पचतच नाही, थोडं दही-ताक चालेल, म्हणाले. दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात आणि ती पचवणारा रसच काहींच्या आतड्यात कमी असतो, हे आम्हाला फार पुढे कळलं.

तुकडी निघाली त्या सकाळी आईने वहिनीला ओवाळलं आणि सवयीने दुधाचा पेला पुढे केला. निघताना नाही म्हणायचं नसतं. सगळी चाळ बघत होती. वहिनीने पेला तिच्या हातात परत दिला.

"आये, ह्यो पेलो घेतलंय तर मी भायखळ्यापर्यंत पोचूचंय नाय. दही घाला हातार."

आईने पेला बाजूला ठेवला... आणि तिच्या हातावर दही घातलं. वहिनी घोषणा देत गेली, पकडली गेली आणि तुरुंगातून ठणठणीत परत आली. "थय दूध नव्हता ना!" म्हणून हसली. तिला भित्री म्हणायची नंतर कुणाची छाती झाली नाही. मला तिचा केवढा अभिमान वाटला होता.

परवा तेराव्याला तिच्या नावाच्या पानावर दुधाची खीर आली. मी ती वाटी उचलली आणि नारळाच्या रसातली ठेवली. गुरुजी म्हणाले, "आजी, इथे दुधाचीच वाढतात."

"तिला दूध सोसत नाही," मी म्हणाले.