साडूंची जाड पेन्सिल

आमचे साडू उद्या स्वर्गात गेले, तर किल्ल्या घेऊन दारावर उभ्या असलेल्या संत पेत्राचं नाक आधी कागदावर उतरवतील आणि मगच आत पाय टाकतील, याबद्दल गडचांदूरच्या आमच्या मंडळीत कुणालाही शंका नाही. शंका एवढीच, की ते नाक पाहिल्यावर पेत्र त्यांना आत घेईल का. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. जन्मभर सिमेंट कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात यंत्रांच्या सरळ रेघा मारल्या, आणि रिटायर झाल्यावर इतकी वर्षं दाबून ठेवलेल्या सगळ्या वाकड्या रेघा चर्चच्या फळ्यावर मोकळ्या सोडल्या. दर रविवारी उपासनेआधी, झाडलोटीच्या पाळ्यांच्या कागदाशेजारी, त्यांचं एक व्यंगचित्र लागतं. घरून अर्धा तास उशिरा निघणारी माणसंही हल्ली वेळेवर येतात, कारण आज आपला नंबर तर नाही ना, हे बघायचं असतं.

कागद विकत आणणं साडूंना पाप वाटतं. त्यांची सगळी कला जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. एकदा नाताळच्या फराळाला आमच्याकडे आले आणि करंजी खाता खाता भिंतीवरचा डिसेंबर काढून पिशवीत घातला. मी म्हटलं, "अहो, महिना संपायचा आहे अजून." तर म्हणाले, "साडभाऊ, उरलेल्या दिवसात का नवीन तारखा येनार हायत काय?" पेन्सिलही सुताराची, चपटी, जाड, कायम कानामागे. बारीक पेन्सिल घ्या असं कुणी सुचवलं की उत्तर ठरलेलं, "बारीक रेघेत मानूस मावत नाई." त्या जाड रेघेत आमचं अख्खं गायनमंडळ मावलं होतं. स्टँडवर एक जण राजुऱ्याच्या बसमध्ये चढतोय, दुसरा जिवतीच्या, तिसरी बाई चंद्रपूरच्या, आणि पेटीवाला एकटाच बाकड्यावर पेटी घेऊन बसलाय. गायनमंडळ दोन रविवार फुगून बसलं आणि तिसऱ्या रविवारी चक्क एका सुरात गायलं. पाळकसाहेबांचा उपदेश लांबायला लागला, तेव्हा साडूंनी शेवटच्या बाकावर जांभई देणारा वाघ बसवला. पाळकसाहेब कमरेवर हात ठेवून बराच वेळ फळ्यासमोर उभे होते. "हा वाघ सभासद हाय का पाहुना?" त्यांनी विचारलं. "मोहर्लीच्या जंगलातून आला," साडू म्हणाले, "पाहुना हाय, म्हनून जांभई माफ." त्यानंतर उपदेश वेळेत आटोपू लागला आणि घरोघरी डाळ करपायची थांबली.

एवढं कौतुक झाल्यावर माणूस थोडा चढणारच. "माया नजरेतून काई सुटत नाई," असं साडू दहा जणांत सांगू लागले. आणि तिथेच घात झाला.

आमच्या चर्चमध्ये चपला दाराबाहेर काढतात. मार्थाबाई, म्हणजे प्रभुभोजनात द्राक्षरस वाटायचे इवलेसे पेले वर्षानुवर्षं धुणाऱ्या, पुसणाऱ्या आणि ताटात मांडणाऱ्या आमच्या थोरल्या बाई, गेले काही महिने घरी जाताना भलत्याच्याच चपला घालून जात होत्या. एकदा पाळकबाईंच्या नव्या सँडल गेल्या आणि पाळकबाई भर उन्हात डांबरावरून उड्या मारत घरी गेल्या. एकदा तर एका पायात निळी स्लीपर आणि दुसऱ्या पायात कुणातरी पुरुषाचा सँडल. साडूंना असला विषय म्हणजे पर्वणी. त्यांनी काढलं : मार्थाबाई ऐटीत पुढे चालल्यात, एका पायात स्लीपर, दुसऱ्यात कारखान्याचा बूट, आणि मागे अख्खी मंडळी लंगडी घालत येतेय. खाली लिहिलं, "उपासना संपली, चपला संपल्या." हसून हसून आमची पोटं दुखली. माझंही दुखलं, खोटं कशाला बोलू.

गर्दीतून वाट काढत मार्थाबाई स्वतः फळ्यापाशी आल्या. सगळ्यांबरोबर त्याही हसल्या, आमच्याहून जास्त. साडूंच्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "लय मजेची काढली भाऊ. कोन हो हे बाई?" आम्हाला वाटलं, बाई नाटक करून राह्यली, आणि आणखी जोरात हसलो. मग त्यांनी बोट पुढे केलं. "हेच ना थे?" बोट कागदाच्या कोऱ्या कोपऱ्यावर होतं. तिथे टाचणीशिवाय काही नव्हतं.

हसणं थांबलं. ते एकदम थांबलं, म्हणूनच बाईंना कळलं. त्यांनी बोट मागे घेतलं, पदर सारखा केला आणि भिंतीच्या आधाराने बाहेर गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, आणि बाईंनी तो घरात सुनेपासूनसुद्धा लपवला होता. का, तर दिसत नाही म्हटलं की पेल्यांचं काम जाईल. आणि ते गेलंच. चर्चच्या पंचमंडळाने फार गोड शब्दांत "बाई, आता आराम करा" म्हटलं आणि पेले पाळकबाईंकडे गेले. त्या वेळी साडू माझ्या शेजारी उभे होते. माणसाला इतकी लाज वाटलेली मी तरी पाहिलेली नाही. घरी जाऊन त्यांनी ते चित्र फाडलं. "साऱ्याइचं नाक दिसलं मले साडभाऊ," म्हणाले, "तिचे डोये काऊन नाई दिसले?"

त्यानंतर फळ्यावर नुसत्या झाडलोटीच्या पाळ्या उरल्या. साडू मागच्या बाकावर, वाघाच्या जागेवर बसू लागले. बाईंना चंद्रपूरला ऑपरेशनला नेलं तेही त्यांनीच, दोन्ही खेपांना, एसटीने, बाईंची पिशवी मांडीवर घेऊन. बाईंची दृष्टी परत आल्यावर पंचमंडळापुढे हात जोडून साडूंनी पेल्यांचं काम परत मिळवलं आणि मला साक्षीला घेऊन बाईंच्या अंगणात निरोप सांगायला गेले. बाई तांदूळ निवडत होत्या. "राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "आता मले दिसते. लोकाइच्या तोंडावरची दया बी दिसते. कायले जाऊ?" साडूंची मान जी खाली गेली ती वर येईना.

मग बाईच म्हणाल्या, "थे चित्र दाखवा. मी हासली, पन कायले हासली हे मले अजून मालूम नाई."

"फाडलं बाई."

"तं पुन्हा काढा."

ओट्यावर बसून साडूंनी काढलं. बाईंनी कागद डोळ्यांसमोर धरला, बूट पाहिला, लंगडणारी मंडळी पाहिली, हसल्या नाहीत. बोट चेहऱ्यावर ठेवलं, या वेळी बरोबर चेहऱ्यावर. "एवढ्या सुरकुत्या हायत मले?"

जन्मात रेघेबद्दल खोटं न बोललेल्या या माणसाने पेन्सिल कानामागे खोचली. "नाई बाई," म्हणाले, "पेन्सिल जाड हाय."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग कागद परत दिला आणि सूप पुढे ओढलं. "बारीक करा तं तिले," म्हणाल्या, "अन् आना आयतवारी."

फळ्यावर आता पुन्हा चित्रं लागतात. आधी ती पहिल्या बाकावर मार्थाबाईंच्या हातात जातात, मग टाचणी. रेघ बारीक झाली आहे आणि आम्ही पूर्वीइतके खदखदून हसत नाही. पेले मात्र अजून पाळकबाईच मांडतात. ताट फिरत शेवटच्या बाकावर येतं, तेव्हा साडू आपला पेला खाली मान घालून उचलतात, आणि कानामागची पेन्सिल त्या वेळी खिशात ठेवलेली असते.