बा, सपाट सुरात

थायलंडमध्ये गेल्यावर मला सगळ्यात आधी ‘पुरे’ म्हणता येणं गरजेचं होतं. बँकॉकपासून तीन तासांवरच्या एका सूतगिरणीच्या लॅबमध्ये मी धागा तपासायच्या कामाला लागले होते आणि गिरणीच्या फाटकासमोर एक मावशी भाताची गाडी लावायची. ती भात वाढायची तो पंगतीत व्याह्याला आग्रह करावा तसा. हात आडवा धरला तरी तिचा डाव चालूच. शेवटी लॅबमधल्या एका मुलीने शब्द सांगितला : फॉ. फॉ म्हणजे पुरे. दुसऱ्या दिवशी मावशीने तिसरा डाव उचलला तसा मी तो शब्द ठणकावून म्हटला.

मावशी हसत सुटली. माझ्या मागची रांगही हसली. मी ‘पुरे’ म्हटलंच नव्हतं, ‘बाप’ म्हटलं होतं.

त्याचं असं आहे की आपण पुरे म्हणतो तेव्हा आवाज शेवटी खाली आपटतो. त्यात मी बार्शीटाकळीची. आमचं साधं बोलणंही पुण्याच्या माणसाला भांडण वाटतं. थाई भाषेत ‘फॉ’चा सूर असा वरून खाली आपटला की त्याचा बाप होतो आणि सपाट ठेवला तरच तो पुरे राहतो. मावशीने मला डावानेच समजावलं. पेरणीआधी जमीन सारखी करतात तसा डाव हवेत आडवा फिरवला : पुरे. मग वरून खाली आणला : बाप. वर काहीतरी बोललीही. ती रोज तेच बोलायची आणि रांग रोज हसायची, पण त्याचा अर्थ मला सहा महिन्यांनी लागला. ती म्हणायची, तुझा बाप तिकडे इंडियात, मी इथे कुठून वाढू?

मला या भाषेचा राग यायचा. त्यांच्याकडे पाच सूर आहेत. खाओ म्हणजे भात, खाओ म्हणजे बातमी आणि खाओ म्हणजे पांढरा, फक्त सूर वेगळा. बत्तीस वर्षांची, टेक्स्टाईलची डिग्री असलेली बाई मी, आणि भात मागताना बातमी मागत होते. मग मी हट्टाला पेटले. लॅबमधल्या मुलीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्यायचा आणि कपडे धुताना, केस विंचरताना तोच ऐकायचा. शब्द सोडून द्यायचा, नुसता चढ-उतार धरायचा. दोन वर्षांत माझे कान बदलले. जीभ शेवटपर्यंत वऱ्हाडीच राहिली.

बाबांना या सगळ्याची फार मजा वाटायची. त्यांनी चाळीस वर्षं आमच्या मळ्यातली मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, अकोल्याच्या भाजीबाजारात ओरडून विकला होता. फोनवरही ते ओरडूनच बोलत.

“काय कुईकुई करून राहिली वं बाई? मलेही शिकव एखादा शब्द.”

मी त्यांना फॉ शिकवला. त्यांनी म्हटला तो अर्थातच धाडकन खाली आपटला.

“बाबा, हा बाप झाला. पुरे नाही झालं.”

“मंग बरोबरच हाय ना. मी कोन हाव?”

माझ्या तिथल्या चौथ्या वर्षी बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी बार्शीटाकळीला पोचले तोवर अकोल्याच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं होतं. नाकात नळी होती आणि तिच्यातून मोठ्या सिरिंजने दर तीन तासांनी पातळ पेज सोडायची. चांगल्या राहिलेल्या डाव्या हाताने ते नळी उपसत, म्हणून दादाने तो हात आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने खाटेला बांधला होता. माझा दादा दुष्ट नाही. त्याने बापाची लघवी काढली, पाठ पुसली, तीन आठवडे मळ्याकडे पाहिलं नाही. हात बांधायचं त्याला दवाखान्यातच सांगितलं होतं.

चाळीस वर्षं ओरडलेल्या त्या गळ्यात एकच आवाज उरला होता : बा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा आवाज उरतो, त्याला अर्थ नसतो. आईला मात्र अर्थ माहीत होता. बाबा आपल्या वडिलांना बा म्हणत. आमच्याकडे माणूस जायला लागलं की आधी गेलेले त्याला न्यायला येतात म्हणतात.

“आपल्या बापाले बोलावून राहिले,” आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. मग आजोबांच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहायची. “मामाजी, आत्ताच नोका नेऊ.”

तिसऱ्या दिवशी मी खाटेजवळ बसून भाजी निवडत होते. लक्ष बाबांच्या चेहऱ्याकडे नव्हतं, हाताकडे होतं, म्हणूनच बहुधा ऐकू आलं. तो एक बा नव्हता. एक खालून वर चढत होता. मी कापूस ओला करून ओठांना लावला, बाबा गप्प झाले. थोड्या वेळाने दुसरा आला, वरून खाली पडणारा. मी त्यांना कुशीवर वळवलं, गप्प झाले. मला आनंदाने रडू आलं. दादाला आणि आईला मी ओरडून बोलावलं आणि करून दाखवलं. त्यांना दोन्ही बा सारखेच ऐकू येत होते, पण माझ्यावर त्यांचा विश्वास बसला. तेव्हापासून दर खेपेला ते माझ्याकडेच पाहायचे.

तिसरा बा सपाट होता. ना चढ ना उतार. दादा सिरिंज घेऊन बसला की तो सुरू व्हायचा आणि पेज संपेपर्यंत चालायचा.

मला तो पहिल्यांदा ऐकला तेव्हाच कळला होता. तरी मी दोन दिवस कळला नाही असं स्वतःला सांगितलं. मग एका दुपारी दादा आंघोळीला गेला असताना पेज मी सोडायला घेतली. बा. मी थांबले. ते थांबले. मी पुन्हा सिरिंज दाबली. बा. मी वाकून कानात विचारलं, “बाबा, पुरे का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बांधलेल्या हाताच्या बोटांनी माझं बोट धरलं आणि घट्ट दाबलं. लकवा मारल्यापासून कुणीतरी त्यांचं हे म्हणणं पहिल्यांदा समजून घेतलं होतं. त्यांचे डोळे भरून आले.

तेवढ्यात दादा डोकं पुसत आला. “काय म्हनून राहिले वं? तुले समजते ना.”

मी म्हटलं, “पानी मांगून राहिले.”

का म्हटलं? एक तर दादाची भीती वाटली. तीन आठवडे त्याने केलं आणि विमानातून उतरलेली बहीण सांगणार, बापाला उपाशी ठेव. पण भीती हे अर्धंच कारण. मला बाबा हवे होते. नळीसकट, बांधलेल्या हातासकट, एका अक्षरासकट हवे होते. मी स्वार्थी होते, दुसरा शब्द नाही.

बाबांना कान होते. दादाने कापूस ओला करून त्यांच्या ओठांना लावला तेव्हा ते माझ्याकडेच पाहत होते. बाजारात काटा मारणाऱ्याकडे ते असे पाहायचे. माझं बोट त्यांनी सोडून दिलं.

त्यानंतर मी जवळ असले की ते एकही बा काढत नसत. पाण्यासाठी नाही, कुशीसाठीही नाही. मी खोलीतून बाहेर पडले की भिंतीपलीकडून ऐकू यायचा, सपाट, दर तीन तासांनी. एकोणीस दिवस मी तो ओट्यापाशी उभी राहून ऐकला. दादा विचारायचा आणि मी रोज तेच उत्तर द्यायचे. विसाव्या दिवशी सकाळी ते गेले. हात सोडला तेव्हा मनगटावर पट्टीचा वळ होता, तो पुसायचा मी प्रयत्न केला.

“नेलंच बापानं,” आई म्हणाली. तिला आणि दादाला सपाट बाचा अर्थ आजही ठाऊक नाही.

तेरावं झाल्यावर मी थायलंडला परतले. पहिल्याच दिवशी दुपारी गाडीवर गेले. मावशीने ताटली घेतली, भात वाढता वाढता विचारलं, इतके दिवस कुठे होतीस? ‘बाप वारला’ हे वाक्य मी विमानात घोकून ठेवलं होतं. फॉ खाली आपटायचा, ही चूक तर मी झोपेतही केली नसती. पण सूर खाली आपटायलाही घशात जोर लागतो. तो नव्हता. फॉ निघाला तो सपाट आणि पुढचे शब्द आलेच नाहीत.

मावशीचा हात थांबला. ताटलीत जेमतेम एक डाव भात पडला होता. एरवी तिने तिसऱ्याशिवाय सोडलं नसतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डाव परत भांड्यात ठेवला.

बाबांचा निरोप असा माझ्या तोंडून एकदाचा बरोबर सुरात निघाला, तोही चुकून. आणि मावशीने तो पहिल्या वेळेलाच ऐकला.