ह्यांच्या उजव्या डोळ्यातली रेघ

आमचे हे दुकानांच्या पाट्या रंगवतात. अठ्ठावीस वर्षं झाली, पण दोरी ताणून रेघ आखली म्हणून कधी नाही. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं नेम धरायचा आणि ब्रश सर्रकन ओढायचा. दोरी म्हणे नवशिक्यांनी वापरावी! ह्या उजव्या डोळ्याचा त्यांना इतका माज, की लग्नाच्या फोटोतसुद्धा डावा मिटलेला आहे. फोटोवाल्याचा पडदा सुतात आहे का ते बघत होते.

तर गेल्या वर्षी औषधाच्या दुकानाची पाटी झाली. दुकानदार मान तिरकी करून म्हणाला, "पेंटर, अक्षरं झोपाळ्यावर बसवलीत का हो?" खरंच, ओळ मधोमध खाली लोंबत होती. हे उखडले. म्हणाले, भिंतच वाकडी आहे. पुढच्या आठवड्यात चपलांच्या दुकानाची भिंत वाकडी निघाली, मग बेकरीची. नाचता येईना अंगण वाकडं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण डोळा लाल दिसत होता, आणि सहा महिने ह्यांचं एकच, "धूळ गेली असेल." शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई तशी तरुणच. तिनं बारीक चौकटी छापलेला कागद ह्यांच्या हातात दिला. "काका, डावा डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे बघा. रेघा कशा दिसतात?"

ह्यांनी बघितलं, कानामागची पेन्सिल काढली आणि चक्क त्या रेघा दुरुस्त करायला घेतल्या!

"छापतं कोण हो तुमचं?" वर तिलाच विचारतात. "मधे सगळ्या फुगल्यात."

मला हसू आवरेना. ती मात्र कागदाकडे बघत राहिली. "काका, तुम्ही तर आजाराचा नकाशाच काढून दिलात."

तपासण्यांत कळलं ते असं. डोळ्याच्या आत जुनी सूज होती. तिच्यापायी पडद्याखाली नको तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या आणि त्या झिरपत होत्या, म्हणून रेघ फुगत होती. आधी गोळ्यांनी सूज आटोक्यात आणली. मग त्या वाहिन्यांसाठी उजेडाचा उपचार ठरला. हाताच्या शिरेतून औषध सोडायचं आणि ते डोळ्यात पोचलं की नेमक्या जागी त्र्याऐंशी सेकंद तांबडा उजेड टाकायचा. उजेडानं औषध जागं होतं आणि त्या वाहिन्या बंद करतं.

"गळती थांबेल अशी आशा आहे," ती म्हणाली, "पण रेघ पूर्वीसारखी दिसेलच असं नाही सांगता येत."

घरी येताना बसमध्ये हे म्हणाले, "रेघ गेली तर मी काय करायचं गं?" मला खूप भीती वाटली.

उपचाराला काही मिनिटंच लागली, सोहळा मात्र पाच दिवस चालला. अंगातलं औषध उतरेपर्यंत ऊन लागलं तर कातडी भाजेल, असं बजावलं होतं. म्हणून हे टोपी, काळा चष्मा, लांब बाह्यांचा शर्ट आणि माझे हातमोजे घालून बाहेर पडले. रिसेप्शनवरची मुलगी दचकलीच. घरातले साधे दिवे चालतील, हेही सांगितलं होतं, पण ऐकतो कोण! पडदे ओढले, बल्ब काढले आणि मला ताकीद दिली की फ्रिज उघडण्याआधी "दिवा!" अशी आरोळी ठोकायची. पाच दिवस मी दह्यासाठी आरोळ्या ठोकल्या. शेजारीण विचारायला आली, कोण गेलं म्हणून.

तीन महिन्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढला. गळती थांबली होती! हे दवाखान्याच्या जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत उतरले, आणि वय विसरून मीही मागोमाग. पण ह्यांना दिसणाऱ्या रेघेच्या मधोमध शेंगदाण्याएवढा फुगवटा राहिला तो राहिलाच. आधी नाही नाही म्हणत शेवटी त्यांनीच ते कबूल केलं.

त्यानंतर चष्म्याच्या दुकानाची पाटी आली. हे शिडीवर, मी खाली. रेघ ओढली, तिच्याकडे बघत राहिले आणि मागे न वळता हळूच म्हणाले, "सरळ आहे ना गं?"

चोवीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं मला रेघेतलं काही विचारलं नव्हतं. मी बघितलं. सरळ होती. हात काही विसरला नव्हता. मला इतका आनंद झाला, की शिडीच चढावीशी वाटली.

"सरळ आहे," मी म्हणाले.

"नीट बघ. घाईनं सांगू नकोस."

तेव्हापासून प्रत्येक पाटीला मी बरोबर जाते. रेघ सरळ असली तरी सांगायला चांगला वेळ लावते, आणि तोवर हे वर श्वास रोखून उभे असतात.