दुरुस्तीने तोडलेली तार

आमच्या प्रोजेक्टच्या तिघांच्या गटात एकाचं नावच आम्ही दुरुस्ती ठेवलं होतं. पंखा असो, चार्जर असो, पठ्ठ्या हात लावल्याशिवाय राहायचा नाही. माणसांपुढे मात्र त्याचं डोकं चालायचं नाही.

दुसरा मी, आणि तिसरा लांब्या. त्याची आई गेली आणि थोड्याच दिवसांत तो लॅबमध्ये परत आला. टाकी भरली की पंप बंद करणारा सर्किट बोर्ड त्याच्या वाट्याचा होता. एकेक टाका तो इतक्या सावकाश सोल्डर करायचा, की बघणाऱ्याला डुलकी लागावी.

दुरुस्तीला ते पाहवेना. त्याने सुट्टीत एकट्याने नवा बोर्ड करून टाकला आणि लांब्याच्या हातात ठेवला. "झालं काम! आता तू निवांत घरी जा."

"बरं केलंस," म्हणून लांब्याने बॅग उचलली. तो पुन्हा आलाच नाही. तोंडी परीक्षा तोंडावर आलेली. तो आला नाही, तर त्याचं वर्षच वाया जाणार होतं.

"अरे ठोंब्या," मी भडकलो, "त्याला घर खायला उठतं म्हणून तो इथे बसायचा. तू त्याला घरी हाकललंस!"

दुरुस्तीचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवशी त्याने डबाही उघडला नाही. मला त्याची दया आली, आणि रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन लांब्याच्या घरी निघाला. मीही गेलो. दार लांब्याच्या वडिलांनी उघडलं. सगळ्या घरात कुठे आवाज नव्हता.

"बंद पडलाय रे. तुलाच जमेल," दुरुस्ती म्हणाला.

लांब्याने बोर्ड उलटसुलट करून पाहिला. "ही तार कटरने तोडलीय. म्हणजे बिघाडसुद्धा तूच करून आणलास?"

मी कपाळावर हात मारला. दुरुस्तीचे कान लाल झाले. "मला दुसरं काही सुचलं नाही. चुकलो मी. तू कसा आहेस, हे एकदाही विचारलं नाही."

"मग विचार की."

"कसा..." पुढे त्याला बोलवेना.

लांब्याने बोर्ड मांडीवर ठेवला. "आई नसली की दुपार संपतच नाही रे," तो म्हणाला. मग त्याने सोल्डरिंगची पेटी ओढली, गन काढून तिची पिन सॉकेटमध्ये लावली. "तार धर. फक्त धर. बाकी मी करतो."

दुरुस्तीने दोन्ही हातांनी तार धरली. डोळे घळाघळा वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"धूर जातोय डोळ्यांत," तो पुटपुटला.

सोल्डरिंगची गन अजून तापलीही नव्हती.